बार्बेरियननं ओळखलेली राजमुद्रा: एका हिस्टरी चेकचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराच्या माडीवरचं आहे. रविवारी संध्याकाळी तिथं आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन तिच्यात उतरतात, आणि अडलेल्या ठिकाणी फासा निकाल देतो. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारे, अण्णा. एरवी ते एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतात. विझर्ड (जादूगार) खेळणारी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बार्बेरियन (रानटी लढवय्या) मामांचा, आणि मामा यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की तो बघणारे. रोग (चोर) खेळणाऱ्या कॉलेजच्या पोराला सगळे बारक्या म्हणतात. क्लेरिक (पुजारी) माझा. तेव्हा आमची पात्रं तिसऱ्या लेव्हलला होती.

म्हटलं तर गोष्ट एवढीशीच आहे: एका माणसानं एक फासा टाकला. पण स्किल प्रॉफिशियन्सी, म्हणजे पात्राला एखादं कौशल्य शिकून येत असणं, कुठं कामाला येते आणि कुठं तिचा जोर संपतो हे त्या एका फाशानं जितकं स्वच्छ दाखवलं, तितकं मला नुसते नियम वाचून कधी दिसलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

घडलं ते असं

अण्णांनी मोहिमेसाठी रचलेल्या किल्ल्याचा सांगाडा आपल्या भुईकोटाचाच होता: दुहेरी तट, खंदक, एका अंगाला तळं. किल्ल्यातल्या बागेत आम्ही सगळेच लहानपणी हुंदडलोय, त्यामुळं नकाशा काढायचीही गरज पडली नाही. आतल्या तटात, पाण्याच्या जरा वर, आम्हाला एक बुजवलेला दरवाजा सापडला. चौकटीवर झिजलेली अक्षरं आणि एक राजमुद्रा. भाषा आमच्या सगळ्या पात्रांना येणारीच होती. प्रश्न एवढाच होता की ही मुद्रा कुणाची. ते कळलं असतं तर दार कशानं उघडतं याचा माग लागणार होता.

विझर्डनं लगेच विचारलं, "अण्णा, हिस्टरी टाकू?" म्हणजे इतिहासाच्या ज्ञानाचा चेक: वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचे बोनस मिळवायचे आणि डीएमनं ठरवलेला आकडा, म्हणजे डीसी, गाठायचा. तिचं पात्र ग्रंथालयात वाढलेलं. बॅकग्राउंड (पूर्वायुष्य) सेज, म्हणजे विद्वान, त्यामुळं अर्काना (जादूचं ज्ञान) आणि हिस्टरी ही दोन स्किल्स पहिल्या दिवसापासून तिच्याकडं आहेत. इंटेलिजन्स १६, त्याचे +३, प्रॉफिशियन्सीचे +२, एकूण +५. अण्णांनी डीसी १५ लावला. फाशावर ४ पडले. चार आणि पाच नऊ.

"नाही आठवत तुला," अण्णा म्हणाले.

"मग मी पण टाकतो," मामा म्हणाले.

बार्बेरियनचा इंटेलिजन्स ८, म्हणजे −१. आयुष्यात त्यानं पुस्तक उघडलेलं नाही, हे मामांनीच पहिल्या बैठकीत छाती ठोकून सांगितलेलं. बारक्या ओरडला, "टाका की मामा, बघू." फाशावर १८. उणे एक, सतरा. अण्णांनी नियमाला धरून सगळं मामांना सांगितलं: घराणं कुठलं, शेवटचा राजा कोण, त्यानं तळ्याला काय नवस बोलला होता. खोलीत हशा पिकला, दार उघडलं, खेळ पुढं गेला.

पुढच्या रविवारी विझर्ड तिची शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांचा कागद, घेऊन अण्णांसमोर बसली. "अण्णा, हिस्टरी काढून परसेप्शन घेऊ द्या मला. हिस्टरी काय, कुणीही टाकतंय." परसेप्शन म्हणजे आजूबाजूचं टिपण्याचं स्किल. ती रुसली नव्हती. हिशेब करून आली होती, आणि तिचा हिशेब बरोबर होता.

+२ म्हणजे नेमकं किती

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी आधी यंत्रणा. प्रत्येक पात्राच्या सहा ॲबिलिटी असतात: स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विझ्डम, करिझ्मा. त्या आकड्यातून १० वजा करायचे, उरलं त्याचं निम्मं करायचं, अपूर्णांक असला तर खालचा पूर्णांक घ्यायचा, तो मॉडिफायर. अठरा स्किल्स या सहा खुंट्यांवर टांगलेली आहेत आणि वाटणी अजिबात सारखी नाही. इंटेलिजन्स आणि विझ्डमकडं प्रत्येकी पाच, करिझ्माकडं चार, डेक्स्टेरिटीकडं तीन, स्ट्रेंग्थकडं एकटं ॲथलेटिक्स, कॉन्स्टिट्यूशनकडं एकही नाही. क्लास (विझर्ड, रोग असा पात्राचा प्रकार) आणि बॅकग्राउंड मिळून ठरावीक स्किल्स वाट्याला येतात: रोगला क्लासमधून चार, बार्डला (गायक-कवी) हवी ती तीन, बहुतेकांना दोन, आणि बॅकग्राउंडची दोन वेगळी.

जे स्किल येतं त्याच्या चेकमध्ये प्रॉफिशियन्सी बोनस मिळवायचा. तो पहिल्या ते चौथ्या लेव्हलला +२ असतो, पाचव्याला +३, नवव्याला +४, तेराव्याला +५, सतराव्यापासून +६. हा बोनस स्किलागणिक बदलत नाही. जे येतं ते सगळं सारखंच येतं. अपवाद मोजके: रोग आणि बार्डची एक्स्पर्टीज, जी बोनस दुप्पट करते, आणि बार्डला दुसऱ्या लेव्हलला मिळणारी, न येणाऱ्या चेकलाही अर्धा बोनस देणारी सवलत.

आता या प्रकरणाची गोम. स्किल येत नसलं तरी चेक करायला मनाई नाही. ॲबिलिटीचा मॉडिफायर घेऊन कुणीही फासा टाकू शकतो. आणि वीस बाजूंच्या फाशावर एकेक आकडा म्हणजे पाच टक्के, त्यामुळं +२ ची किंमत दहा टक्के. बस, दहाच. ग्रंथालयात घालवलेलं अख्खं तरुणपण दहा टक्क्यांत मावतं.

डीसी १५ ला आमच्या चौघांची स्थिती अशी होती. विझर्डला १० किंवा वर हवे, म्हणजे ५५ टक्के. बारक्याच्या रोगचा इंटेलिजन्स १२, त्याला १४ हवे, ३५ टक्के. माझा क्लेरिक शून्यावर, १५ हवे, ३० टक्के. बार्बेरियनला १६ हवे, २५ टक्के. एकेकट्यानं बघितलं तर विझर्ड स्पष्ट पुढं आहे, आणि नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढं बहुधा हेच चित्र होतं.

पण टेबलावर एकेकटं कुणी टाकत नाही. विझर्ड सोडून आम्हा तिघांपैकी निदान एकाला जमण्याची शक्यता काढा: तिघंही चुकण्याची शक्यता ०.६५ गुणिले ०.७० गुणिले ०.७५, म्हणजे सुमारे ३४ टक्के. म्हणजे तिघा न शिकलेल्यांना मिळून मुद्रा ओळखता येण्याची शक्यता ६६ टक्के. एकट्या विदुषीची ५५. तिला घरी ठेवून गेलो असतो तरी आम्ही तिच्यापेक्षा भारी ठरलो असतो.

याहून बोचरा आकडा पुढचा आहे. चौघांनीही टाकलं तर यश सुमारे ८५ टक्के. विझर्डची हिस्टरी प्रॉफिशियन्सी पुसून टाका, फक्त तिची बुद्धी ठेवा, तरी यश ८१ टक्के. म्हणजे जिथं प्रत्येकाला फासा टाकायची मुभा आहे अशा टेबलावर तिच्या त्या स्किलनं गटाला चार टक्केसुद्धा दिले नाहीत. आणि 'ती गप्प, दुसरं कुणीतरी उत्तर देतंय' हा प्रसंग दर दहा वेळांत जवळपास तीनदा घडणार. तो रविवार म्हणजे योगायोग नव्हता. या रचनेत तो ठरलेलाच होता.

परसेप्शनकडं जायचा तिचा विचार यातूनच आला होता. परसेप्शन दर बैठकीत लागतं, शिवाय त्याचा पॅसिव्ह, म्हणजे फासा न टाकता धरलेला, आकडा कायम चालू असतो. अनेक टेबलांवर सगळ्यांच्या शीटवर तेच ते स्किल दिसतं, त्याचं कारण हेच.

त्याच गणिताची दुसरी बाजू

त्याच मोहिमेत त्याआधी एक प्रसंग घडला होता. तो तेव्हा कुणाला या प्रकरणाशी जोडावासा वाटला नाही. रात्री खंदकाच्या काठानं पहारेकऱ्यांच्या नजरेआड सरकायचं होतं. अण्णांनी सगळ्यांना स्टेल्थ (लपतछपत जाण्याचं स्किल) टाकायला लावलं, आणि एक जरी चुकला तरी बोंब. पहारेकऱ्याचं पॅसिव्ह परसेप्शन १२. रोगचे +७, कारण डेक्स्टेरिटीचे तीन आणि एक्स्पर्टीजचे चार. त्याला ८० टक्के. विझर्ड आणि बार्बेरियन दोघांचे +२, त्यांना ५५ टक्के. माझ्या अंगावर खवल्यांचं धातूचं चिलखत, त्यामुळं डिसॲडव्हांटेज, दोन फाशांतला लहान धरायचा, मॉडिफायर शून्य, जेमतेम २० टक्के. चौघंही पार होण्याची शक्यता या सगळ्यांचा गुणाकार: पाच टक्के.

बारक्यानं तेव्हा विचारलेलं, "मग मी चोर कशाला झालो?" उत्तर कुणाकडंच नव्हतं.

शेजारी शेजारी ठेवून बघितलं की दोन्ही प्रसंगांची मुळं एकच निघतात. 'एकाला जमलं की सगळ्यांना जमलं' अशी अट असेल तर फाशांची संख्या जिंकते आणि शिकलेला माणूस अनावश्यक होतो. 'एक चुकला की सगळे चुकले' अशी अट असेल तर फाशांची संख्या हरवते आणि शिकलेला माणूस निरुपयोगी होतो. दोन्हीकडं +२ किंवा +७ कागदावर शाबूत आहे. बिघाड आकड्यात नाही. किती जण टाकणार, कितव्यांदा टाकणार आणि एकाच्या यशापयशाचं बाकीच्यांना काय लागू होणार, हे फासा हातातून सुटायच्या आधी ठरलेलं नाही, तिथं बिघाड आहे. माझं या प्रकरणातलं म्हणणं एवढंच आहे: पहिल्या लेव्हलांना प्रॉफिशियन्सीचं वजन बोनस ठरवत नाही, डीएमनं चेक कसा मांडला ते ठरवतं.

दुसऱ्या प्रसंगावर उपाय नियमांत आयता आहे. ग्रुप चेक: सगळे टाकतात, निम्म्यांना जमलं की गटाला जमलं. चौघांत दोघं पार झाले की पुरे. तीच माणसं, तेच मॉडिफायर, तोच १२ चा आकडा घेऊन शक्यता काढली तर ती पाच टक्क्यांवरून ७५ वर जाते. आणि आता बारक्याच्या +७ ला अर्थ येतो: त्याचं एक यश जवळपास नक्की, म्हणजे बाकी तिघांत एकानं साथ दिली की झालं. माझ्या खडखडणाऱ्या चिलखताला तो खरोखर सावरून नेतो. आमच्या टेबलावर हा नियम त्या महिन्यापासून चालू आहे आणि त्यावर पुन्हा चर्चा झालेली नाही.

पूर्वी काय करत

हिस्टरीचा प्रसंग मात्र इतका सरळ नव्हता, आणि तो सोडवताना अण्णा जुन्या आवृत्त्यांकडं वळले. ते इथं सांगतो, कारण या खेळाच्या रचनाकारांना हाच प्रश्न वारंवार भेटलेला आहे.

१९७४ च्या मूळ खेळात स्किल्सची यादीच नव्हती. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत चोर हा क्लास आला आणि कुलूप उघडणं, सावलीत लपणं यांचे टक्केवारीचे तक्ते आले. त्याचा एक दुष्परिणाम असा झाला की चोराच्या तक्त्यात जे लिहिलंय ते इतरांना येतच नाही, असं अनेक जण मानू लागले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत शस्त्रांखेरीजच्या प्रॉफिशियन्सी होत्या: वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि ॲबिलिटीच्या आकड्याइतका किंवा खाली आणायचा. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीनं रँक आणल्या. दर लेव्हलला गुण वाटायचे, एका स्किलमध्ये लेव्हल अधिक तीनपर्यंत. तिथं दरी इतकी वाढत गेली की वरच्या लेव्हलला तज्ज्ञाला सोपं ते बाकीच्यांना अशक्य. २००८ च्या चौथीत प्रशिक्षणाचे सरळ +५. पाचव्या आवृत्तीनं जाणीवपूर्वक आकडे आवळले, म्हणजे खालच्या लेव्हलचा माणूसही शर्यतीत राहावा आणि डीसीचे आकडे शेवटपर्यंत तेच राहावेत: ५ अगदी सोपं, १० सोपं, १५ मध्यम, २० कठीण, २५ फार कठीण, ३० जवळजवळ अशक्य. मला ही आवळलेली रचना मनापासून आवडते. पण तिची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि ती पहिल्या चार लेव्हलचा विद्वान मोजतो.

तिसऱ्या आवृत्तीतली एक तरतूद अण्णांनी शोधून काढली. तिथं ज्ञानाची स्किल्स शिकलेल्यांसाठीच राखीव होती. ज्यानं ते शिकलेलं नाही त्याला डीसी १० पर्यंतच्या, म्हणजे सर्वसाधारण माहितीच्या प्रश्नांचंच उत्तर देता यायचं. त्यापुढं फासा कितीही चांगला पडो, उपयोग नाही. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही अवघड लिखाण उलगडण्यासारख्या काही कृती प्रशिक्षितांपुरत्याच आहेत. म्हणजे दार अर्धवट बंद ठेवायची परंपरा आहे, फक्त आमच्या आवृत्तीत ती डीएमच्या हाती सोपवलेली आहे. कुलपाचं उदाहरण नियमात आहेच: चोराची हत्यारं चालवता येत नसतील तर कुलूप उघडायला मदतही करता येत नाही, कारण जे काम एकट्यानं करता आलं नसतं त्यात मदतीचा हात देता येत नाही. भाषांचंही तसंच. येते किंवा येत नाही. तिथं फासा नाही आणि त्यावर कधी कुणी तक्रार करत नाही.

मामांचं म्हणणं

अण्णांनी शनिवारी चहाच्या गाड्यावर सगळ्यांसमोर प्रस्ताव ठेवला: ज्ञानाचे चेक ज्याला स्किल येतं त्यानंच करायचे. विझर्ड खूश. मामा नाहीत.

"अण्णा, असं कसं? माझा बार्बेरियन अडाणी आहे, पण माळरानावर वाढलाय. त्याच्या आज्यानं त्याला काही सांगितलं नसेल? शिकलेल्यालाच सगळं ठाऊक असतंय होय?"

हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. प्रॉफिशियन्सी नसणं म्हणजे अज्ञान, असं मानलं तर पात्रं सपाट होतात, आणि स्किल नसलेल्यानं ज्ञानाच्या प्रसंगात हात बांधून बसायचं म्हणजे चौघांतले तिघं प्रेक्षक. मामांना गप्प बसवून विझर्डला न्याय देणं हा काही न्याय नव्हता. शिवाय राखीव दारानं तिचा प्रश्नही पूर्ण सुटत नव्हता: ती एकटी टाकणार म्हणजे ५५ टक्के, आणि जवळपास निम्म्या वेळा दार बंदच.

बारक्यानं मदतीचा पर्याय काढला. एक जण टाकणार, दुसरा मदत करणार, त्यामुळं ॲडव्हांटेज, दोन फाशांतला मोठा धरायचा. विझर्डचे ५५ टक्के ८० होतात. आकडा चांगला आहे, आणि फासा तिच्याच हातात राहतो. पण मुद्रा ओळखायला बार्बेरियन नेमकी काय मदत करणार, याचं उत्तर दर वेळी जुळवावं लागलं असतं. २०२४ च्या सुधारित नियमांत चेकला मदत करणाऱ्याकडं स्वतःची तशी प्रॉफिशियन्सी हवी अशी अट आली, ती याच पळवाटेमुळं असावी असा माझा कयास आहे.

कोंडी फुटली ती पुन्हा मामांमुळंच. अण्णांनी सहज विचारलं की कारखान्यात माग बिघडला तर काय करता. मामा म्हणाले, "काय करणार? कारागीर मला हाक मारतो. मी उभा राहून आवाज ऐकतो. नव्वद वेळा आवाजातच कळतं काय झालंय. नाही कळलं तर मग खोलून बघायचं, तिथं मात्र नशीब." आणि क्षणभर थांबून स्वतःच म्हणाले, "कळायला मला फासा टाकावा लागत नाही की ओ."

बोलणं तिथंच संपलं म्हणायला हरकत नाही, कारण नियमात नेमकं याच गोष्टीसाठी जागा होती आणि आम्ही ती फक्त परसेप्शनला वापरत होतो. पॅसिव्ह चेक: १० अधिक चेकचे सगळे मॉडिफायर, फासा नाही, ॲडव्हांटेज असेल तर आणखी पाच, डिसॲडव्हांटेज असेल तर पाच कमी. २०१४ चे नियम ही सोय एखाद्याच स्किलपुरती ठेवत नाहीत.

विझर्डचा पॅसिव्ह हिस्टरी १५. डीसी १५. म्हणजे त्या रविवारी तिनं चौकटीकडं बघताच तिला मुद्रा ओळखू यायला हवी होती, फासा न टाकता. आता तिची प्रॉफिशियन्सी काढून बघा: १३, आणि दार बंद. रोग ११, क्लेरिक १०, बार्बेरियन ९. फाशावर जे +२ दहा टक्क्यांचं होतं, तेच पॅसिव्हमध्ये कळणं आणि न कळणं यांच्यातला पूर्ण फरक झालं. नियम एकही बदलला नाही. आकडा एकही बदलला नाही. फक्त कुठं मोजायचं ते बदललं.

टेबलावर काय ठरलं

अण्णांनी पद्धत अशी बसवली. ज्ञानाचा प्रश्न आला की ते आधी सगळ्यांचे पॅसिव्ह आकडे बघतात. ते त्यांच्या पडद्यामागं एका कागदावर लिहिलेले असतात. ज्याचा आकडा पुरतो त्याला ते थेट सांगतात, विचारायची वाट न बघता. 'तुला हे ठाऊक आहे' असं डीएमनं आपणहून म्हणणं यात जो मान आहे तो कुठल्याही बोनसमध्ये नाही. विझर्डचा चेहरा पहिल्यांदा ते ऐकताना कसा खुलला ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. फासा येतो तो त्यापुढच्या थराला: अवघड, विसरलेलं, कुणी मुद्दाम लपवलेलं. डीसी २० आणि वर. तिथं स्किल येणाऱ्यानंच टाकायचं आणि एकदाच. परत टाकायचं असेल तर परिस्थितीत काहीतरी बदललं पाहिजे: एखादं पुस्तक मिळालं, एखादा म्हातारा भेटला.

मामांच्या आज्याला यात जागा कशी मिळाली हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. न शिकलेल्याला फासा नाही, पण प्रश्न विचारता येतो: "माझ्या माणसाला यातलं काही ऐकून ठाऊक असेल?" आणि अण्णा त्या पात्राच्या आयुष्यातून उत्तर देतात. पुढच्याच बैठकीत एक स्तंभ सापडला. विझर्डला तो कुठल्या राजवटीतला हे लगेच कळलं. मामांनी विचारलं, आणि अण्णा म्हणाले की असल्या दगडावर त्यांच्या टोळीतले गुराखी कधी पाठ टेकत नाहीत. का ते कुणी सांगत नाही, फक्त टेकायची नाही. तो दगड शापित निघाला. तारीख विझर्डनं सांगितली, जीव मामांनी वाचवला. दोघांची माहिती एकमेकांची जागा घेत नव्हती, आणि त्या प्रसंगात आम्ही एकही फासा टाकला नाही.

याला थोडा खर्च आहे, तोही सांगायला हवा. अण्णांची तयारी वाढली. प्रत्येक जागेसाठी दोन थर लिहून ठेवावे लागतात, आणि पात्रांचा भूतकाळ त्यांना पाठ असावा लागतो. पॅसिव्ह वापरताना दुसरा धोका असा की डीसी ठरवतानाच डीएमला कुणाला कळणार हे माहीत असतं, म्हणजे १५ लिहिणं आणि 'विझर्डला सांगायचं' असं लिहिणं एकच होऊन बसतं. यावर अण्णांचा तोडगा साधा आहे: डीसी जागेप्रमाणे ठरवायचा, शीट न बघता, आणि एकदा लिहिला की खोडायचा नाही. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांतही खाडाखोड नसते, त्यामुळं आमचा विश्वास आहे.

सगळ्या स्किल्सना ही पद्धत लागू पडत नाही. ॲथलेटिक्सनं तट चढायचा असेल तर फासा हवाच. पाय घसरू शकतो आणि घसरण्यातच गंमत आहे. पर्स्युएशनला पॅसिव्ह लावून बघितलं तेव्हा संभाषणं मेली. खेळाडू दोन वाक्यं बोलायचे आणि अण्णांकडं बघत बसायचे. ते आठवड्याभरात बंद केलं. तिथं आता बोलणं आधी, आणि बोलण्यानं निकाल उघडच झाला नसेल तरच फासा.

पुढच्या लेव्हलांना हा प्रश्न आपोआप थोडा हलका होतो. सतराव्या लेव्हलला इंटेलिजन्स २० असलेल्या विझर्डचे +११ होतात, डीसी १५ ला तिला चार पुरतात, म्हणजे ८५ टक्के. आणि बार्बेरियन तिथंच, २५ वर. पण सतराव्या लेव्हलपर्यंत किती टेबलं टिकतात? बहुतेकांचा खेळ पहिल्या काही लेव्हलांतच होतो, आणि तिथंच एखादीला वाटून जातं की आपण घेतलेलं स्किल फुकट गेलं. म्हणून नव्या डीएमना माझं सांगणं आहे की हे पहिल्या बैठकीच्या आधी ठरवा. नियमांचा मूळ संच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर मोफत उपलब्ध आहे. ॲबिलिटी चेकचं प्रकरण, त्यातले पॅसिव्ह आणि ग्रुप चेकचे दोन छोटे परिच्छेद टेबलावर सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचावेत.

विझर्डनं हिस्टरी ठेवली. आता पात्रं पाचव्या लेव्हलला पोचली आहेत, बोनस +३ झाला आहे, आणि तिनं ॲबिलिटी वाढवून इंटेलिजन्स १८ केला, त्यामुळं पॅसिव्ह हिस्टरी १७. अण्णांना पहिला थर थोडा वर उचलावा लागणार का, यावर सध्या आमच्यात वाद चालू आहे. मामांचं मत आहे की उचलू नये. तिनं कमावलंय ते तिला मिळू दे.